दिनविशेष : २७ जून

२७ जून १६८४. पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने गोव्यात हुकूम काढला : कोकणी सोडा, तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागा. आदल्याच वर्षी संभाजीराजांनी त्याला फोंड्याहून माघार घ्यायला लावली होती.

आल्व्होरसारख्या व्हाइसरॉयांची चित्रे काढून घेण्याची प्रथा पोर्तुगीज गव्हर्नर जुआंव द काश्त्रू याने १५४७ मध्ये पाडली होती. पूर्णाकृती माणूस, बाजूला घराण्याचे चिन्ह, खाली नाव. पुढे अनेक चित्रांवर पुन्हा रंग चढला. १९६१ च्या गोवामुक्तीनंतरही ती जपली गेली, जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आली. हे योग्यच झाले. जुलमी राज्यकर्त्यांचे चेहरे समोर असले, की त्यांनी काय केले हे पोरांना नावानिशी सांगता येते. कोकणी १९८७ मध्ये गोव्याची राजभाषा झाली, हेही त्याच दालनात सांगायला हवे.