चाक गेले, इंच उरले

कॉव्हेंट्रीत स्टेशनकडून गावात चालत निघाले की वाटेत ग्रेफ्रायर्स ग्रीनवर जेम्स स्टार्लीचे स्मारक लागते. सायकलधंद्याचा जनक म्हणून या माणसाचे नाव घेतात. माझ्या छोट्या चाकांच्या, एकाच गिअरच्या सायकलीचा हिशेब सोडवताना मला थेट त्याच्यापर्यंत मागे जावे लागले.

स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी १८७० मध्ये ‘एरियल’ सायकलीचे पेटंट घेतले. पुढे भले मोठे चाक, मागे चिमुकले. चित्रांतून आपण पाहतो ती पेनी-फार्दिंग याच घराण्यातली. तिला चेन नव्हती. पायडल पुढच्या चाकाच्या आसालाच जोडलेले, म्हणजे पायाचा एक फेरा तर चाकाचाही एकच. वेग हवा तर चाक मोठे करायचे, एवढाच उपाय. पण चाकावर बसून पाय पायडलपर्यंत पोहोचले पाहिजेत! त्यामुळे विजारीचे माप घ्यावे तसे पायाच्या लांबीवरून चाक निवडले जाई. ५४ इंची चाक एका फेऱ्यात सुमारे ४.३ मीटर जाते. लांब तंगड्यांचा माणूस ६० इंची चाक घेई आणि शर्यत तिथेच अर्धी जिंके. दगड आडवा आला की मात्र तोही इतरांसारखाच डोक्यावर आपटे.

हेन्री लॉसनने १८७९ मध्ये चेनने मागचे चाक फिरवणाऱ्या सायकलीचे पेटंट घेतले. १८८५ मध्ये स्टार्लीचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने याच कॉव्हेंट्रीत ‘रोव्हर’ बाजारात आणली आणि उंच चाकाचे दिवस भरले. आता चाक लहान चालणार होते, कारण वेग चाकात नव्हे तर दात्यांत आला होता. पुढच्या चेनव्हीलला ३६ दाते आणि मागे २० असतील, तर पायाच्या एका फेऱ्यात चाक १.८ वेळा फिरते. चाक ३० इंची असेल तर १.८ गुणिले ३०, म्हणजे ५४. जुन्या गिऱ्हाइकाला एवढे सांगितले की पुरे: ही ठेंगणी सायकल तुमच्या ५४ इंची घोड्याइतकीच पळेल. हेच ‘गिअर इंच’. फ्रेंचांनी एका फेऱ्यात किती मीटर जाते ते मोजायला सुरुवात केली, आणि तेच अधिक शहाणपणाचे आहे. इंग्रज मात्र शंभराहून अधिक वर्षे नसलेल्या चाकाचा व्यास सांगत आहेत.

पुण्यात आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. सायकल काळी, चाक २८ इंची. दुकानदार फक्त २२ची की २४ची फ्रेम एवढे विचारी. आम्ही दांडीखालून पाय घालून चालवत असू. छोटे चाक म्हणजे लहान मुलांचे, हे मनात तेव्हाच पक्के बसले.

ते खोडून काढले अ‍ॅलेक्स मोल्टनने. मिनी मोटारीचे रबरी सस्पेन्शन याचेच. १९५६ च्या सुएझ संकटात पेट्रोलची चणचण झाली आणि त्याचे लक्ष सायकलीकडे वळले. १६ इंची चाके, त्यांत चांगली कडक हवा, आणि धक्के झेलायला रबर, अशी त्याची रचना. रॅलेने ती नाकारली, तेव्हा त्याने १९६२ मध्ये ती स्वतःच बाजारात आणली. त्याच वर्षी डिसेंबरात जॉन वुडबर्नने मोल्टनवरून कार्डिफ ते लंडनचा विक्रम मोडला. रॅलेने मग १९६५ मध्ये १६ इंचीच ‘आरएसडब्ल्यू’ काढली, पण सस्पेन्शनऐवजी जाड, कमी हवेचे टायर घातले. ती जड चाले, आणि दोष सगळ्या छोट्या चाकांच्या माथी आला. शेवटी १९६७ मध्ये रॅलेने मोल्टनचा सायकलधंदाच विकत घेतला.

छोट्या चाकाला वेग पुरवायचा तर दात्यांचे गुणोत्तर मोठे लागते. माझ्या सायकलीला पुढे ५२, मागे १६, म्हणजे सव्वातीन पट. चाक नावाला २० इंची. टायरवर खडूची खूण करून, वर बसून जमिनीवर मोजले तर १९ भरले. १९ गुणिले ३.२५, म्हणजे जवळजवळ ६२ इंच. सपाटीवर हे छान: मिनिटाला साठ फेरे मारले की ताशी साडेसतरा किलोमीटरच्या वर. पण घरी येताना शेवटी चढ आहे, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी माझा उजवा गुडघा त्या चढावर स्पष्ट बोलू लागला. दोन महिने मी उतरून ढकलत नेली, एकदा शेजारच्या सूनबाईंनी गाडी थांबवून “काका, सोडू का घरी?” असे विचारले, तेव्हा सायकल विकायचेही मनात आले.

पुढचा एक दात कमी केला तर फरक दोन टक्के पडतो, मागे एक वाढवला तर सहा. तेव्हा मागेच हात घालणे स्वस्त. सोळाच्या जागी अठराचे फ्रीव्हील बसवले, आस सहा मिलिमीटर पुढे सरकवला, चेन तीच राहिली. आता सपाटीवर त्याच साठ फेऱ्यांना ताशी सोळाच्या आसपास मिळतात; तरुण मुले घंटी वाजवत पुढे जातात. चढ मात्र बसूनच चढतो.

नवा हिशेब कागदावर मांडला: ५२ भागिले १८, गुणिले १९. उत्तर आले ५५ इंच, म्हणजे स्टार्लीच्या काळातल्या बेताच्या उंचीच्या माणसाचे चाक.