"चालेल का?" : नोकरी करत मिळवलेल्या शिक्षकी पदवीची साठ वर्षं

दरवर्षी जून-जुलै आला की मला एक फोन हमखास येतो. "सर, शाळा सांभाळून पुढचं शिकायचंय. एम.एड. किंवा शिक्षणशास्त्रात एम.ए. ऑनलाइन केलं तर चालेल का?"

विचारणारे बहुतेक पस्तिशी-चाळिशीतले शिक्षक असतात. 'जमेल का' असं त्यातलं कुणी विचारत नाही. दिवसभर वर्ग, संध्याकाळी घरचं, रात्री दहानंतर पुस्तक, हे ते जमवतातच. त्यांना धास्ती असते ती वेगळीच. उद्या कुणी साहेब फाईल उघडून "ही पदवी चालत नाही" असं तर म्हणणार नाही ना?

ही धास्ती उगाच आलेली नाही. तिच्यामागे साठ वर्षांचा इतिहास आहे. तो मला समजला तसा मांडतो.

आपल्याकडे पत्रद्वारा पदवीची सुरुवात १९६२ साली दिल्ली विद्यापीठानं केली. शिक्षकांसाठी महत्त्वाचं पाऊल पडलं ते १९६६ मध्ये. स्वातंत्र्यानंतर शाळा झपाट्यानं वाढल्या होत्या. वर्गावर माणूस हवा म्हणून ट्रेनिंग न झालेले हजारो शिक्षक घेतले गेले होते. या सगळ्यांना वर्षभर रजा देऊन कॉलेजात पाठवायचं तर शाळांना कुलूपच लावावं लागलं असतं. मग एनसीईआरटीच्या प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयांनी उन्हाळी वर्ग अधिक टपाल असा बी.एड. अभ्यासक्रम काढला. अशी महाविद्यालयं चार : अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर. दोन उन्हाळी सुट्ट्यांत शिक्षकानं तिथं जाऊन राहायचं, आणि मधल्या काळात आपल्या शाळेत शिकवत टपालानं येणारे धडे सोडवून पाठवायचे. आपला महाराष्ट्र भोपाळच्या वाट्याला येतो.

या योजनेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. शिक्षकाचा स्वतःचा वर्ग हीच त्याची प्रयोगशाळा मानली होती. आज वाचलेलं उद्या सकाळी आठवीच्या पोरांवर करून बघता येतं. नियमित कॉलेजातल्या विद्यार्थ्याला ही सोय कुठून मिळणार?

पुढं मात्र गाडी घसरली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत देशातल्या अनेक विद्यापीठांच्या लक्षात आलं की पत्रद्वारा बी.एड.ला खर्च कमी आणि फी भरपूर. एकेका ठिकाणी हजारोंनी प्रवेश होऊ लागले. सराव पाठ कागदावर राहिले. कधी वर्गात उभे न राहिलेलेही 'शिक्षक' होऊन बाहेर पडू लागले. शेवटी लगाम घालायला १९९३ मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा, म्हणजे एनसीटीईचा कायदा झाला आणि १९९५ पासून परिषद कामाला लागली. दूरस्थ बी.एड. मुख्यतः नोकरीत असलेल्या शिक्षकांपुरतं ठेवलं गेलं. निर्णय योग्यच होता. पण दुकानदारी केली विद्यापीठांनी, आणि 'पोस्टाची पदवी' हा टोमणा चिकटला तो शिकणाऱ्याला. ज्यानं मन लावून अभ्यास केला, त्यालाही.

महाराष्ट्रात हा टोमणा बराचसा पुसला तो नाशिकच्या मुक्त विद्यापीठानं. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले. त्याआधी ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढं दिल्लीच्या इग्नूचेही झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद आपण बसस्थानकातल्या फलकावरही वाचलेलं असतं. या विद्यापीठानं सेवेतल्या शिक्षकांसाठी मराठीतून बी.एड. आणलं. पुस्तकं अशी, की शिकवायला समोर कुणी नसलं तरी वाचून कळावीत. जोडीला अभ्यासकेंद्र, संपर्क सत्रं आणि प्रत्यक्ष पाठ. डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलेल्या किती गुरुजींनी आणि बाईंनी या वाटेनं पुढची पदवी घेतली, ते आपापल्या तालुक्यात नुसतं विचारून बघा. सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन, एसटीनं अभ्यासकेंद्र गाठणारी ही माणसं मी पाहिलेली आहेत. त्यांच्या पदवीला घरबसल्याची पदवी म्हणणाऱ्यानं एकदा त्या एसटीनं जाऊन यावं.

आता अलीकडची गोष्ट. ती प्रत्येक शिक्षकानं लक्षात ठेवावी अशी आहे.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. अप्रशिक्षित शिक्षकांना पात्रता मिळवायला पाच वर्षं दिली होती. ती संपली तरी देशभरात लाखो शिक्षक तसेच राहिले. मग ऑगस्ट २०१७ मध्ये कायदा दुरुस्त करून ३१ मार्च २०१९ ही शेवटची मुदत ठरली. तोवर पात्रता नसेल तर नोकरी जाणार. एनआयओएस या केंद्राच्या मुक्त विद्यालयानं अठरा महिन्यांचा डी.एल.एड. अभ्यासक्रम काढला. 'स्वयम्' या सरकारी पोर्टलवर धडे, डीटीएचवर व्याख्यानं आणि जोडीला संपर्क वर्ग. बारा लाखांहून अधिक शिक्षकांनी नाव नोंदवलं. सरकारनंच सांगितलं, सरकारी संस्थेनंच शिकवलं, सरकारी पोर्टलवरच शिकले.

आणि मग? नव्या भरतीत ही पदविका चालते की नाही, यावरून कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. पाटणा उच्च न्यायालयानं २०२० मध्ये ती ग्राह्य धरली. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उत्तराखंडच्या प्रकरणात सांगितलं की अठरा महिन्यांची ही पदविका दोन वर्षांच्या नियमित पदविकेच्या बरोबरीची नाही. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयानं खुलासा केला की १० ऑगस्ट २०१७ रोजी जे नोकरीत होते आणि ज्यांनी मुदतीत अभ्यासक्रम पुरा केला, त्यांची पदविका दुसरीकडे अर्ज करायला आणि बढतीला वैध धरावी. न्याय मिळाला म्हणायचं. पण मधली वर्षं कुणी भरून द्यायची? वयाची अट कुणासाठी थांबते?

हा सगळा क्रम पाहिला की मला एकच गोष्ट दिसते. शिक्षक कमी पडले की दार उघडतं. गरज भागली की उंबऱ्यावर चौकशी सुरू होते. आणि चौकशी होते ती आत आलेल्याची. दार कुणी उघडलं, हे कुणी विचारत नाही.

आता फोनवरच्या प्रश्नाचं उत्तर. सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीनं स्पष्ट केलं की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. त्यामुळे शिक्षणशास्त्रातलं एम.ए. मान्यता असलेल्या विद्यापीठातून, जसं की इग्नूतून, घरून करता येतं. पण एम.ए. (शिक्षणशास्त्र) आणि एम.एड. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एम.एड. हा व्यावसायिक अभ्यासक्रम आहे, त्याला एनसीटीईची मान्यता लागते आणि २०१५ मध्ये तो दोन वर्षांचा करण्यात आला होता. "सहा महिन्यांत ऑनलाइन बी.एड.-एम.एड." अशी जाहिरात मोबाइलवर दिसली तर ती पुढं ढकला, पैसे भरू नका. प्रवेश घेण्यापूर्वी त्या वर्षाची यूजीसीची यादी बघा. आणि ही पदवी बढतीला किंवा निवडश्रेणीला धरतात का, हे आपल्या शिक्षण विभागाला लेखी विचारा. तोंडी "चालतंय की" यावर विसंबू नका. उत्तराचा कागद जपून ठेवा.

मागणी एवढीच आहे. नोकरी करत शिकण्याचा कोणताही अभ्यासक्रम सरकारनं सुरू केला, की पहिली फी घेण्याआधी जाहीर करावं : ही पदवी कुठं कुठं चालेल, कुठं चालणार नाही. पुढं नियम बदलला तर तो नव्यांना लावावा. आधीच्या नियमावर विश्वास ठेवून रात्री जागलेल्यांना लावू नये.

तुमच्या तालुक्यात, तुमच्या शाळेत असा अनुभव कुणाला आला असेल तर जरूर लिहा. शिक्षक संघटनांच्या मित्रांनी हा विषय येत्या अधिवेशनात घ्यावा, ही विनंती.