काळी टोपी आणि तागडी : कोरियाच्या प्रेक्षणीय स्थळांमागचा इतिहास

कोणत्याही देशाची प्रेक्षणीय स्थळे म्हणजे त्या देशातील वरिष्ठांनी स्वतःविषयी सांगितलेली गोष्ट असते. राजवाडा राजाचा असतो, वाडा सरदाराचा असतो, किल्ला सेनापतीचा असतो. दगड कोणी वाहिले, कातडी कोणी कमावली, मेलेली जनावरे कोणी ओढली, हे पाटीवर लिहिलेले नसते. आपल्याकडे रायगड पाहायला जाणाऱ्या माणसाला पायथ्याच्या वस्तीचे नाव ठाऊक नसते. तसेच दूरच्या कोरियाचेही आहे. मात्र कोरियाच्या बाबतीत एक गोष्ट आपल्याला थांबवून विचार करायला लावणारी आहे. आपल्यासारखेच बहिष्कृत तेथे होते. ते लढले, आणि आज ते दिसत नाहीत. ते मुक्त झाले की पुसले गेले, हा ह्या लेखाचा प्रश्न आहे.

अलीकडे कोरियन मालिकांमुळे तो देश आपल्या घराघरांत पोहोचला आहे. तेथे जाणारे आपले लोकही वाढले आहेत. सेऊलला उतरलेला प्रवासी पहिल्याच दिवशी ग्योंगबोकगुंग हा १३९५ साली उभारलेला राजवाडा पाहतो. तेथे एक गंमत आहे. पारंपरिक कोरियन पोशाख घातला तर राजवाड्यात प्रवेश फुकट मिळतो. म्हणून आजूबाजूच्या दुकानांतून पोशाख भाड्याने घेतात. पुरुष डोक्यावर घोड्याच्या केसांची, रुंद काठाची काळी टोपी घालतात. तिला 'गात' म्हणतात. जगभरचे प्रवासी ती टोपी घालून हसत फोटो काढतात. त्यात वाईट काही नाही. पण चोसन राजवटीत, म्हणजे १३९२ पासूनच्या पाच शतकांत, ही टोपी घालण्याची ज्यांना बंदी होती अशी एक जमात होती. तिचे नाव बेकजोंग.

बेकजोंग गुरे कापीत, कातडी कमावीत, वाळुंजाच्या फोकांच्या टोपल्या विणीत. गुन्हेगारांचा शिरच्छेद करण्याचे कामही त्यांच्या माथी मारले जाई. त्यांची वस्ती गावाबाहेर. कौलारू घर बांधायचे नाही, रेशीम अंगावर घालायचे नाही, डोक्यावर गात नाही, तर बांबूच्या चिपांची हलकी टोपी. मयताला तिरडीचा मान नाही. बायकांनी लग्नानंतर केसांत आकडा खोवायचा नाही. सामान्य शेतकऱ्याच्या पोराशी बोलतानाही म्हाताऱ्या बेकजोंगाने आदरार्थी बोलायचे, आणि त्या पोराने त्याला अरेतुरे करायचे. 'जोहार मायबाप' म्हणत ज्यांचे आजे वाकले त्यांना ह्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. कोरियात वेद नव्हते, मनू नव्हता, ब्राह्मण नव्हता. तरीही हे सारे होते. जातिव्यवस्थेचे मूळ केवळ एका धर्मग्रंथात शोधणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. ग्रंथ नसला तरी सत्ता असते, आणि सत्तेला खालचा माणूस लागतो.

राजवाड्यासमोरच्या क्वांगह्वामुन चौकात राजा सेजोंगचा सोनेरी रंगाचा भव्य पुतळा आहे. तो २००९ साली बसवला. ह्या राजाने कोरियन लोकांना त्यांची लिपी दिली. १४४६ साली ती जाहीर झाली. सामान्य माणसाला लिहिता-वाचता यावे हा तिचा हेतू होता, आणि त्याबद्दल त्याला वंदनच केले पाहिजे. परंतु ह्याच राजाच्या कारकिर्दीत, १४२३ साली, आणखी एक घटना घडली. खाटीक आणि भटके खेळकरी ह्यांना शेतकऱ्यांत मिसळून घ्यावे म्हणून दरबाराने त्यांना नवे नाव दिले. ते नाव बेकजोंग. त्या काळी ह्या शब्दाचा अर्थ साधा प्रजाजन असा होता. नाव बदलले की कलंक जाईल अशी कल्पना होती. झाले उलटेच. शेतकऱ्यांनी त्यांना 'नवे बेकजोंग' म्हणायला सुरुवात केली, स्वतः तो शब्द टाकून दिला, आणि चांगल्या अर्थाचा शब्द पाहता पाहता शिवी झाला. वरून दिलेल्या गोड नावाने माणसाची पायरी बदलत नाही, हा धडा आपणही घेतलेला आहे. 'हरिजन' ह्या शब्दाचे काय झाले ते वेगळे सांगायला नको.

तेथून थोड्याच अंतरावर छांगदोकगुंग हा दुसरा राजवाडा आहे. १९९७ पासून तो जागतिक वारशात आहे. त्याच्या दोनह्वामुन नावाच्या महाद्वाराशी प्रवासी तिकिटासाठी थांबतात. १८०१ साली ह्याच दारासमोर सरकारी गुलामांच्या नोंदवह्या जाळल्या गेल्या आणि ६६,०६७ माणसे गुलामीतून सुटली. खाजगी गुलाम मात्र तसेच राहिले. गुलामगिरी कायद्याने संपली ती १८९४ मध्ये. आपण २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली. तेथे वह्या राजाने जाळल्या, येथे ग्रंथ बहिष्कृतांनी स्वतः जाळला. हा फरक मोठा आहे. राजाने जाळलेल्या कागदाची राख होते. बहिष्कृताने जाळलेल्या कागदातून चळवळ उभी राहते.

१८९४ हे वर्ष कोरियात उलथापालथीचे. दोंगहाक पंथाच्या शेतकऱ्यांनी बंड केले. त्यांच्या मागण्यांत बेकजोंगांच्या डोक्यावरची ती बांबूची टोपी उतरवावी हीही एक मागणी होती. त्याच वर्षी सरकारने गाबो सुधारणा जाहीर करून जन्मजात दर्जे रद्द केले. कायदा झाला, पण व्यवहार बदलला नाही. सेऊलमध्ये इन्सादोंग ह्या गल्लीत प्रवासी चहा पितात, कागदी पंखे विकत घेतात. तेथेच आतल्या बाजूला सुंगदोंग चर्च आहे. सॅम्युएल मूर ह्या अमेरिकन मिशनऱ्याने १८९३ साली सुरू केलेल्या मंडळीतून ते उभे राहिले. पाक सोंग-छुन नावाचा बेकजोंग ह्या मंडळीत आला, तेव्हा यांगबान म्हणजे उच्चकुलीन भक्त उठून गेले आणि त्यांनी वेगळे चर्च काढले. देव एक, पण बाक एक नको! गात घालण्याची परवानगी मिळाली तेव्हा बेकजोंग ती रात्रंदिवस डोक्यावरून काढीनात, असे त्या काळच्या मिशनरी नोंदींत आहे. आज भाड्याने मिळणाऱ्या त्या टोपीची किंमत ही आहे. पुढे १८९८ साली सेऊलमधल्या मोठ्या जाहीर सभेत हाच पाक सोंग-छुन अधिकाऱ्यांच्या आणि प्रजेच्या समोर उभा राहून बोलला. त्याचा मुलगा पाक सो-यांग १९०८ साली सेवरन्स वैद्यकीय शाळेच्या पहिल्या पदवीधरांत होता. एका पिढीत खाटकाचा मुलगा डॉक्टर झाला.

दुसऱ्या सहलीत प्रवाशांना आन्दोंगजवळच्या हाह्वे गावी नेतात. २०१० पासून हे गाव जागतिक वारशात आहे. नदीने वळसा घातलेले हे र्यू घराण्याचे गाव. मधोमध यांगबानांची कौलारू घरे, भोवती कुळांच्या आणि चाकरांच्या गवती झोपड्या. प्रवाशाला हे दृश्य रम्य वाटते. आपल्याला मात्र त्या छपरांत गावगाडा दिसतो. ह्या गावचे मुखवटा-नाट्य प्रसिद्ध आहे. त्यात बेकजोंगाचाही मुखवटा आहे. त्याचा जबडा दोरीने बांधलेला, सुटा असतो. नटाने मान मागे टाकली की मुखवटा खदखदा हसतो, खाली घातली की उग्र होतो. हा बेकजोंग बैल मारतो आणि त्याचे अंडकोश शक्तिवर्धक म्हणून विकायला काढतो. यांगबान आणि विद्वान हे दोघे प्रतिष्ठित त्यासाठी एकमेकांशी भांडतात. ज्याचा स्पर्श चालत नाही त्याच्या हातचा माल चालतो! आपल्या तमाशातल्या सोंगाड्याने पाटलाची जी दशा करावी तीच ही दशा. कधीमधी हसण्याची मुभा होती. हसणे संपले की मुखवटा पेटीत आणि माणूस वस्तीत. कोरियन मुखवटा-नाट्याला २०२२ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान मिळाला. आणि हाह्वेला लागून असलेल्या येछोनमध्ये ऑगस्ट १९२५ मध्ये काय घडले? तेथे खऱ्या बेकजोंगांनी आपल्या संघटनेच्या शाखेचा वर्धापनदिन साजरा केला म्हणून जमावाने त्यांच्यावर हल्ला केला. सोंगातला बेकजोंग चालला, सभेतला चालला नाही.

ही संघटना कोणती, हे पाहायचे तर जिंजूला गेले पाहिजे. दक्षिणेकडचे हे शहर नाम नदीच्या काठी आहे. बुसानहून एका दिवसात जाऊन येता येते. तेथला किल्ला, छोकसोंगनू हा नदीवरचा उंच मंडप आणि शरद ऋतूत पाण्यावर सोडलेले कंदील पाहायला गर्दी होते. १५९२ साली किम सी-मिन ह्याने जवळजवळ ३,८०० माणसांनिशी जपानी फौजेला येथे परतवले. १५९३ साली मात्र किल्ला पडला आणि भीषण कत्तल झाली. त्या वेळी नोन-गे नावाच्या स्त्रीने एका जपानी सेनानीला मिठी मारून नदीत उडी घेतली, असे परंपरा सांगते. तो खडक आजही दाखवतात. नोन-गे ही गिसेंग होती, म्हणजे सरदारांपुढे नाचणारी-गाणारी, दर्जाने गुलाम. तिचे देऊळ व्हायला १७४० साल उजाडले. खालच्या माणसाने देशासाठी मरावे, मग दीडशे वर्षांनी त्याला देव्हाऱ्यात बसवावे, ही रीत सर्व देशांची दिसते. भीमा-कोरेगावचा स्तंभ वाचणाऱ्यांना ती ओळखीची आहे.

ह्याच जिंजूत एप्रिल १९२३ मध्ये ह्योंगप्योंगसा ही संघटना स्थापन झाली. 'ह्योंग' म्हणजे तराजू, 'प्योंग' म्हणजे समान. खाटकाच्या हातातली मांस तोलायची तागडी! ज्या हत्याराने त्याची जात ओळखली जाई तेच त्याने निशाणावर घेतले आणि म्हटले, ह्या दांड्यासारखा समाज सरळ झाला पाहिजे. संस्थापकांत यी हाक-छान हा धनवान बेकजोंग होता. पैसा असूनही त्याच्या मुलांना शाळेची दारे बंद होती. जांग जी-पिल हा जपानात मेइजी विद्यापीठात शिकून आलेला बेकजोंग होता. शिक्षण घेऊनही कुटुंबाच्या सरकारी नोंदीतली खाटीकपणाची खूण त्याच्या वाटेत आडवी आली. आणि कांग सांग-हो हा यांगबान घरातला होता. लोकांनी त्याला 'नवा बेकजोंग' म्हणून हिणवले. पाचशे वर्षांपूर्वीची तीच शिवी!

मे महिन्यात जिंजूच्या शेतकऱ्यांनी बेकजोंगांकडून मांस घेणे बंद केले. हा गावबहिष्कारच होय. विरोध करणारे बहुतेक जमीनदार नव्हते, गरीब शेतकरी होते, हे विशेष. वर्षभर आधी, मार्च १९२२ मध्ये, जपानातील बुराकू बहिष्कृतांनी क्योतोला सुइहेइशा स्थापली होती. दोन्ही संघटनांचा पुढे परस्परांशी संपर्क आला. राज्यकर्ता आणि गुलाम अशा दोन देशांतल्या तळच्या माणसांनी एकमेकांना ओळखले. त्याच एप्रिल १९२३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनहून मायदेशी परतले, आणि ऑगस्टमध्ये मुंबई कायदेमंडळात बोले ठराव मंजूर झाला. ह्या घटनांचा एकमेकींशी संबंध होता असे मी म्हणत नाही. एकाच वेळी, एकमेकांना न ओळखता, आशियाच्या तीन कोपऱ्यांत बहिष्कृत उठले, एवढे खरे.

भारतीय प्रवाशाला आणखी एका ठिकाणी हमखास नेतात. ते म्हणजे गिम्हे. तेथे राणी हो ह्वांग-ओक हिची समाधी आहे. ती समुद्रापलीकडच्या 'आयुता' देशातून आली, अशी तेराव्या शतकातल्या ग्रंथातली आख्यायिका आहे. काहींनी आयुता म्हणजे अयोध्या ठरवली आणि २००१ साली अयोध्येत तिचे स्मारकही झाले. राजघराण्याचे नाते दोन हजार वर्षांमागे जाऊन शोधता येते! परंतु ह्याच गिम्हेत ऑगस्ट १९२३ मध्ये ह्योंगप्योंगसाच्या लोकांवर जमाव चालून गेला. आपले खरे नाते कोणाशी? आख्यायिकेतल्या राणीशी की मार खाणाऱ्या त्या खाटकांशी?

एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. ग्योंगजूच्या सोकगुराम लेण्यातली भूमिस्पर्श मुद्रेतली बुद्धमूर्ती आठव्या शतकातली. तिच्यापुढे उभे राहिलेला आपला माणूस भारावून जाईल. चोसनच्या कन्फ्यूशियन राज्याने भिक्षूंनाही हीन लेखले, १८९५ पर्यंत राजधानीत पाऊल टाकू दिले नाही, हे खरे. पण त्याआधीच्या बौद्ध राजवटीतही गुरे कापणाऱ्यांबद्दल तिरस्कार होताच. प्राणिहत्येचा निषेध करताना ती हत्या ज्याच्याकडून करून घेतली त्या माणसाचाच निषेध झाला. धम्म स्वीकारलेल्या आपण ह्यापासून सावध राहिले पाहिजे.

ह्योंगप्योंगसा फार काळ टिकली नाही. सेऊलवाले आणि जिंजूवाले असे तट पडले, मवाळ-जहाल वाद झाले, पोलिसांचा दाब वाढला. १९३५ मध्ये तिचे नाव दाएदोंगसा झाले, ती धंद्याच्या हितापुरती उरली आणि युद्धकाळात जपानी सत्तेच्या बाजूला गेली. त्यानंतर फाळणी, १९५० ते ५३ चे युद्ध, जमीनसुधारणा, शहरांकडे धाव. गावेच विस्कटली. कोण कोणाचा, हे सांगणारा शेजारी उरला नाही. आज कोरियात 'मी बेकजोंगाचा नातू' असे उघड म्हणणारा माणूस जवळपास सापडत नाही. प्रत्येक घराची वंशावळ कुठल्या तरी कुलीनाला जाऊन मिळते. आणि बेकजोंग हा शब्द मांस भाजून देणाऱ्या खानावळींच्या पाट्यांवर मिरवतो.

हे जातिअंताचे उदाहरण आहे काय? एका अर्थाने आहे. खाटकाच्या नातवाला आज कोणी विहिरीवर अडवीत नाही. हे लहान यश नव्हे, आणि ते आपल्याला अजून साधलेले नाही. परंतु लपून मिळवलेली समता ही अर्धी समता. ज्या दिवशी कुलीनाचा मुखवटा न चढवता खाटकाचा नातू आपल्या आज्याचे नाव घेईल तो दिवस खरा. जिंजूत १९९६ साली ह्योंगप्योंग चळवळीचे स्मारक उभारले गेले आणि २०२३ मध्ये चळवळीची शंभरी साजरी झाली, ही त्या दिशेची पावले आहेत.

म्हणून आपल्यापैकी जो कोणी त्या देशी जाईल त्याने राजवाडा जरूर पाहावा, काळी टोपी जरूर घालावी. पण जिंजूला किल्ल्यावरून खाली उतरल्यावर त्या स्मारकाचा पत्ता विचारावा. विचारणारे वाढले की पाट्या बदलतात. आणि परत आल्यावर आपल्याही किल्ल्याच्या पायथ्याशी थांबून तोच प्रश्न विचारावा.