मानवी हक्क आणि त्यांची पायमल्ली : मराठवाड्याच्या इतिहासाच्या संदर्भात

प्रस्तावना

१० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा संमत केला. ४८ राष्ट्रांनी बाजूने मत दिले, विरोधात एकही मत पडले नाही आणि ८ राष्ट्रे तटस्थ राहिली. पहिल्या कलमातील ‘पुरुष’ असा अर्थ निघू शकणाऱ्या शब्दाऐवजी ‘सर्व मानव’ ही शब्दयोजना यावी, यासाठी भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला होता. याच पॅरिसमध्ये सुमारे तीन महिन्यांपूर्वी, १६ सप्टेंबर रोजी, निजामाची भारताविरुद्धची तक्रार सुरक्षा परिषदेपुढे आली होती. वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव त्या वेळी निजामाच्या राज्यातील परभणी जिल्ह्यात होते; १ मे १९९९ पासून ते हिंगोली जिल्ह्यात आहे.

मानवी हक्कांच्या उल्लंघनाचा विषय निघाला की बहुधा दूरच्या देशांची उदाहरणे दिली जातात. मराठवाड्याच्या इतिहासातच या विषयाचे सर्व पैलू सापडतात. १९४८ पूर्वीची राजवट, सप्टेंबर १९४८ नंतरचे दिवस आणि १९७८ चा ऑगस्ट महिना या तीन टप्प्यांत हक्क हिरावून घेणारे हात मात्र वेगवेगळे आहेत. या तिन्ही टप्प्यांचा एकत्रित विचार येथे केला आहे.

परवानगीवर चालणारे जीवन

हैदराबाद संस्थानात हक्कांची गळचेपी प्रथम कायद्याच्या भाषेत झाली. ‘गस्ती निशाण ५३’ या परिपत्रकानुसार जाहीर सभेसाठी पूर्वपरवानगी आवश्यक होती. खाजगी शाळा आणि आखाडे यांवरही निर्बंध होते. लोकांची भाषा मराठी, तेलुगू किंवा कानडी आणि उच्च शिक्षणाची व कारभाराची भाषा उर्दू, अशी स्थिती होती. १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. सप्टेंबर १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी आली. त्याच वर्षाअखेरीस ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थ्यांना काढून टाकले. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला.

या राजवटीत नागरिकाला हक्क नव्हता, सवलत होती. सवलत देणाऱ्याला ती केव्हाही काढून घेता येते. हक्काचे तसे नसते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने मागितलेली जबाबदार राज्यपद्धती ही याच फरकाची मागणी होती.

रझाकारांचा काळ

१९४७–४८ मध्ये कासिम रझवी यांच्या रझाकार संघटनेने खेड्यापाड्यांत लूट, जाळपोळ आणि हत्या यांचे सत्र चालविले. येथे राज्यसंस्था स्वतः अत्याचार करण्याऐवजी खाजगी सशस्त्र टोळीला मोकळीक देते, हा उल्लंघनाचा दुसरा प्रकार दिसतो. वसमत तालुक्यातील वापटीचे हुतात्मा बहिर्जी शिंदे यांचे स्मरण वसमतच्या महाविद्यालयाच्या नावात जपलेले आहे. रझाकारांचे बळी एकाच धर्माचे नव्हते. भारतात विलीनीकरणाची बाजू मांडणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली.

कुरुंदा हे नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांच्या घराण्याचे मूळ गाव. मुक्तिसंग्रामाच्या काळात ते शाळकरी वयाचे होते. पुढे ‘हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन’ या पुस्तकात त्यांनी या प्रश्नाची चिकित्सा केली. अभिमान आणि चिकित्सा एकत्र नांदू शकतात, हा या परिसराला लाभलेला वारसा आहे. पुढील दोन टप्प्यांकडे पाहताना त्याचीच गरज भासते.

मुक्तीनंतरची छाया

१३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झालेली पोलीस कारवाई १७ सप्टेंबरला निजामाच्या शरणागतीने संपली. त्यानंतर मात्र अनेक जिल्ह्यांत मुस्लिम रहिवाशांवर सूडाचे हल्ले झाले. त्यांच्या पाहणीसाठी केंद्र शासनाने पाठविलेले पंडित सुंदरलाल यांचे शिष्टमंडळ २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानात होते. म्हणजे पॅरिसमध्ये जाहीरनाम्यावर मतदान होत असताना हे सदस्य उद्ध्वस्त कुटुंबांची विचारपूस करीत होते. कारवाईच्या काळात व नंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मृत्युमुखी पडली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद (आताचे धाराशिव), गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वाधिक पीडित ठरले. या आकड्यांविषयी मतभेद आहेत. अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही, ही बाबही तितकीच बोलकी आहे.

त्याच अहवालात दुसरी नोंदही आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी प्राणांची पर्वा न करता मुस्लिम विणकरांचे रक्षण केले. जाहीरनाम्याचे एकही कलम त्यांनी वाचलेले नव्हते.

१९७८ : स्वतंत्र देशातील बळी

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. त्यानंतर नांदेड, परभणीसह मराठवाड्यातील अनेक गावांत दलित वस्त्या जाळल्या गेल्या, कुटुंबे परागंदा झाली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. या वेळी निजाम नव्हता, रझाकार नव्हते. संविधान लागू होऊन २८ वर्षे झाली होती. अत्याचार करणारे त्याच शिवारातील शेजारी होते. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला, तोपर्यंत जवळजवळ सोळा वर्षे लोटली होती.

जागतिक संदर्भ

हे तिन्ही प्रकार जगभर आढळतात. जाहीरनाम्यावर तटस्थ राहिलेल्या दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीयांना स्वतःच्या देशात फिरण्यासाठी पास बाळगावा लागे. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे त्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात ६९ जण ठार झाले. रवांडात १९९४ मध्ये सुमारे शंभर दिवसांत लाखो तुत्सींची कत्तल झाली. तेथे सैन्य आणि सशस्त्र टोळ्या यांच्याबरोबर शेजारीही सामील होते.

भारतात १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि १९९३ चा मानवी हक्क संरक्षण कायदा हे महत्त्वाचे टप्पे होत. महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग २००१ पासून कार्यरत झाला. तथापि आयोगाच्या शिफारशी बंधनकारक स्वरूपाच्या नाहीत आणि घटनेला एक वर्ष उलटल्यास चौकशीस कायद्याची मर्यादा येते. मुंबईतील आयोगापर्यंत कुरुंद्याच्या शेतमजुराला वर्षभरात पोहोचता येणे, ही गोष्ट कागदावर वाटते तितकी सोपी नाही.

निष्कर्ष

१. हक्कांचे उल्लंघन केवळ जुलमी राजाच करतो असे नाही. मुक्त झालेला समाजही ते करू शकतो.

२. सत्तांतराने हक्कांची शक्यता निर्माण होते, हमी निर्माण होत नाही. ज्याच्याविषयी समाजाला राग किंवा तुच्छता वाटते, त्याचे रक्षण होते की नाही, हीच हक्कांची कसोटी होय.

३. मराठवाड्यातील महाविद्यालयांत १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन आणि १० डिसेंबरला मानवी हक्क दिन साजरा होतो. हे दोन्ही दिवस परस्परांपासून तोडून शिकविले जातात. पहिल्या दिवशी सुंदरलाल अहवाल आणि टेंभुर्णी यांचा उच्चार होईल आणि दुसऱ्या दिवशी ‘गस्ती निशाण ५३’ समजावून सांगितले जाईल, तेव्हाच विद्यार्थ्याला मानवी हक्क हा आपल्या गावच्या इतिहासाचा विषय वाटेल.