युरियाची गोणी आणि रानाखालचा पाइप

आपण पिकाला युरिया टाकतो, त्याचा बराचसा इतिहास वसईसमोरच्या समुद्रात सुरू होतो. मुंबई हाय आणि दक्षिण वसई क्षेत्रातला गॅस समुद्राखालून सुरतजवळ हजिऱ्याला आणला. तो उत्तरेत न्यायला १९८४ साली 'गेल' ही सरकारी कंपनी काढली. तिचं पहिलं मोठं काम हजिरा-विजयपूर-जगदीशपूर पाइपलाइन, साधारण १,७५० किमी. (हे विजयपूर मध्य प्रदेशातलं, कर्नाटकातलं विजापूर नव्हे.) वाटेवर खतकारखाने उभे राहिले. गॅसमधला हायड्रोजन आणि हवेतला नायट्रोजन यांचा अमोनिया, त्यापासून युरिया.

हे सगळेच सांगतात. पाइप कुणाच्या रानातून गेला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यासाठी १९६२ चा कायदा आहे. सातबारा तुमचाच राहतो, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो. पिकाची नुकसानभरपाई वेगळी, आणि त्या पट्ट्याच्या बाजारभावाच्या १० टक्के मोबदला. वर ज्वारी, सोयाबीन घ्या. पण विहीर, तळं, घर, झाड चालत नाही. फळबागवाल्याची पट्टी कायमची गेली की! १० टक्के कोणत्या हिशेबाने? हरकत घ्यायची तर अधिसूचनेपासून २१ दिवसांत, लेखी.

आता धोक्याचं. पाइप मीटरभर खोल असतो, वरून लेप असतो, गंज लागू नये म्हणून हलका वीजप्रवाह सोडलेला असतो. ठरावीक अंतरावर व्हॉल्व्ह असतात, फुटलं तर तेवढाच भाग बंद करता येतो. हे सगळं बाहेरच्या गंजासाठी आणि फुटल्यानंतरसाठी. २७ जून २०१४ च्या पहाटे आंध्रात पूर्व गोदावरी जिल्ह्यातल्या नगरम गावी गेलचा पाइप फुटला तो आतून गंजून. कोरड्या गॅससाठीच्या लाइनीतून पाण्याचा अंश असलेला गॅस जात होता. वीसहून जास्त माणसं गेली, घरं आणि नारळीच्या बागा जळाल्या. वास येतोय असं आधी सांगितलं होतं, हे गावकऱ्यांचं म्हणणं होतं.

आतला गंज बांधावरून दिसत नाही. त्यासाठी पाइपातून 'पिग' नावाचं यंत्र फिरवून साफसफाई आणि तपासणी करतात. आपल्या रानातल्या लाइनीत ते शेवटचं कधी फिरवलं, हे कंपनीला ग्रामसभेत विचारा. आणि जेसीबी लावण्याआधी खुणेच्या खांबावरचा नंबर फिरवा. गॅसचा वास आला, हिस्स आवाज आला किंवा पट्ट्यातलंच पीक उगाच पिवळं पडलं, तर लांब जा, मोटारीचं बटण दाबू नका, आणि लांबूनच त्या नंबरवर कळवा.