फ्ल्युओराइड : औद्योगिक सांडपाण्यातून निष्कासन व पुनःप्राप्ती

कारखान्यांच्या सांडपाण्यात विरघळलेले फ्ल्युओराइड वेगळे काढणे आणि ते पुन्हा उपयोगी पडेल अशा रूपात हस्तगत करणे, ही एकाच कार्याची दोन अंगे होत. परंतु पहिले कायद्याच्या धाकाने पार पडते आणि दुसऱ्याची बहुधा उपेक्षा होते. काचेवरील कोरणकाम, स्टेनलेस पोलादाची अम्लात बुडवून केलेली सफाई, सिलिकॉनच्या चकत्यांवरील संस्करण यांतून, तसेच ज्यांच्या कच्च्या खनिजातच ३ ते ४ टक्के फ्ल्युओरीन असते अशा फॉस्फेट खतांच्या कारखान्यांतून हे द्रव्य पाण्यात उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिग्रॅ. ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा असून, तिच्यापलीकडे दीर्घकाळ सेवन घडल्यास दात व हाडे विकृत होतात.

सर्वांत जुना व स्वस्त उपाय चुन्याचा. विरवलेला चुना मिसळला असता कॅल्शियम फ्ल्युओराइडाचा साका बनतो. परंतु हा साका स्वतःच लिटरमागे सुमारे १६ मिग्रॅ. विरघळत असल्याने, नेमके लागेल तेवढेच कॅल्शियम घातले तर सुमारे ८ मिग्रॅ. फ्ल्युओराइड पाण्यात उरतेच, आणि साक्याचे कण अतिसूक्ष्म असल्याने व्यवहारात हा आकडा १० ते २० वर रेंगाळतो. भूपृष्ठावरील जलाशयांत सोडावयाच्या पाण्यासाठी भारतीय नियमांनी २ मिग्रॅ.ची सर्वसाधारण मर्यादा घातलेली असल्याने दुसऱ्या टप्प्याची तजवीज करावी लागते : तुरटीने उत्पन्न होणाऱ्या ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडाच्या पुंजक्यांवर किंवा किंचित अम्लधर्मी पाण्यात सक्रियित ॲल्युमिनाच्या थरावर उरलेले फ्ल्युओराइड धरले जाते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) पिण्याच्या पाण्यासाठी विकसित केलेली तुरटी-चुन्याची ‘नालगोंडा’ पद्धती याच तत्त्वावर उभी आहे. बोरॉनाशी जखडलेले फ्ल्युओराइड, म्हणजे फ्ल्युओबोरेट, मात्र चुन्याला सहजी दाद देत नाही.

या मार्गाने पाणी निवळते, पण मागे ओलसर, जिप्सम, सिलिका व फॉस्फेट यांनी भेसळलेला गाळ उरतो. तो कोणी विकत घेत नाही आणि त्याच्या विल्हेवाटीचा खर्च कारखान्याच्या माथी बसतो. म्हणून पुनःप्राप्तीचा विचार गाळापासून नव्हे, तर प्रवाहापासून आरंभावा लागतो. नेदरलँड्समध्ये विकसित झालेल्या पद्धतीत, वर चढणाऱ्या प्रवाहाने तरंगत ठेवलेल्या वाळूच्या कणांवर कॅल्शियम फ्ल्युओराइड स्फटिकरूपाने साचते व सुमारे मिलिमीटरभराच्या, लवकर सुकणाऱ्या गोळ्या मिळतात. दुसऱ्या रीतीत अम्लयुक्त पाणी चुनखडीच्या दाण्यांतून जाऊ देतात; कार्बोनेट निघून त्याच्या जागी फ्ल्युओराइड येते. खतकारखान्यांच्या वायुधावनातून मिळणाऱ्या फ्ल्युओसिलिसिक अम्लावर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडाची क्रिया करून ॲल्युमिनियम फ्ल्युओराइड बनवितात. ॲल्युमिनियमच्या भट्ट्यांना ते लागतेच, त्यामुळे या पद्धतीला ग्राहक शोधावा लागत नाही.

या सर्व पद्धतींचे यश तीव्र फ्ल्युओराइडयुक्त प्रवाह इतर सांडपाण्यात मिसळू न देण्यावर अवलंबून असते. एकदा सरमिसळ झाली की शुद्धतेची आशा संपते, आणि हायड्रोफ्ल्युओरिक अम्लाच्या निर्मितीस तर सुमारे ९७ टक्के शुद्धतेचे फ्ल्युओराइट (कॅल्शियम फ्ल्युओराइडाचे खनिज) हवे असते. नव्या कारखान्याच्या आराखड्यास मंजुरी देतानाच या प्रवाहासाठी स्वतंत्र नळवाटेची अट घालणे सर्वथा उचित होय. पुनःप्राप्तीचे महत्त्व यातही आहे की, फ्ल्युओराइटाचे साठे चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव व गुजरातमधील अंबाडुंगर येथे असले, तरी भारताची या खनिजाची गरज प्रामुख्याने आयातीवरच भागते.