अग्रशाळेचे दार

गोमंतकातील आमची अनेक मोठी देवस्थाने ही मुळात निर्वासितांची बिऱ्हाडे आहेत, याचा उत्सवाच्या धामधुमीत आम्हांस सहज विसर पडतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने तिसवाडी, बारदेश व साष्टी येथील देवळे मोडली. तेव्हा कुशस्थळीचा मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळास आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास, तर वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. अंत्रुज महाल त्या काळी आदिलशाहीत असल्यामुळे तेथे आसरा मिळाला. कवळ्याचे आजचे देऊळ शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने १७३८ च्या सुमारास उभे राहिले. तोवर देवी लहानशा साध्या वास्तूत होती. कित्येक कुटुंबे तर कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत पांगली. त्यांचे वंशज कुलदैवताच्या दर्शनास येत, तेव्हा त्यांना उतरावयास जागा हवी होती. देवळाच्या आवारातील अग्रशाळा याच गरजेपोटी वाढल्या. स्वतः घर गमावलेल्यांनी इतरांच्या निवाऱ्याची सोय करावी, हे आम्हांस त्या इतिहासातील सर्वांत मोलाचे वाटते.

तथापि त्या दाराला उंबरठा होता. अग्रशाळा कुळाव्याची, परक्याला, विशेषतः अस्पृश्य मानलेल्याला, ती बंदच असे. पंढरीसारख्या क्षेत्रीही धर्मशाळांची तीच गत होती. म्हणूनच गाडगेमहाराजांनी तेथे चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली व १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ज्याने एवढ्या धर्मशाळा उभारल्या, तो पुरुष स्वतः आयुष्यभर खापर व काठी घेऊन हिंडला आणि १९५६ साली प्रवासातच निवर्तला.

कायद्याची दृष्टी मात्र निराळी. १९५९ च्या मुंबई भिक्षाप्रतिबंधक अधिनियमाने, उपजीविकेचे दृश्य साधन नसताना भीक मागत असावा अशा स्थितीत सार्वजनिक जागी भटकणाऱ्यासही भिकारी ठरविले. गाणे म्हणून दान मागणेही त्यात आले. म्हणजे पहाटेचा वासुदेवसुद्धा कायद्याच्या कक्षेत सापडला! दिल्लीस लागू केलेल्या या कायद्याची मुख्य कलमे तेथील उच्च न्यायालयाने २०१८ साली घटनाबाह्य ठरविली. त्याआधी १९८५ साली मुंबईच्या पदपथवासीयांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कातच सामावतो असे म्हटले, पण झोपड्या पावसाळ्यानंतर हलविण्यास मुभा दिली. तत्त्व पदरी पडले, जागा गेली. २०१० साली त्याच न्यायालयाने मोठ्या शहरांत लाख वस्तीमागे एक रात्रनिवारा असावा असे सांगितले. पुढच्याच वर्षीच्या जनगणनेत देशभर सुमारे १७ लक्ष ७३ हजार माणसे बेघर आढळली.

हे आकडे पाहून देवस्थानाच्या महाजनांनी काय करावे? आषाढात उत्सव थोडे असतात, अग्रशाळांच्या बऱ्याच खोल्या रिकाम्या राहतात, आणि त्याच महिन्यात रोजगारासाठी परमुलखातून आलेले मजूर दुकानांच्या पडव्यांत ओल्या अंगाने झोपतात. चार महिने दोन खोल्या त्यांना उघडून द्याव्यात, असा ठराव महाजनसभेत का येऊ नये? ‘एकदा शिरला की हक्क सांगेल’ ही भीती आम्ही अशीलांच्या तोंडून नेहमी ऐकतो. रात्रीपुरती, बिनभाड्याची, नोंदवहीत लिहिलेली परवानगी म्हणजे भाडेपट्टा नव्हे. एवढ्याने कोणी कूळ होत नाही. नाव नोंदवावे, पण आधी जेवण झाले का ते विचारावे. ज्याच्याजवळ पत्त्याचा एकही कागद नाही, त्याला कागदासाठी परत धाडू नये. निवाऱ्याची गरज त्यालाच अधिक असते. स्त्रियांना वेगळी खोली, सामानास कुलुपाची पेटी, रात्री उघडे राहणारे शौचालय आणि आजाऱ्याला दवाखान्यात नेणारा एक माणूस, एवढी तरतूद हवी. तिचा खर्च जत्रेच्या दारूकामात थोडी काटछाट केली तर निघेल.